एका घरात दोन राउटर

या ग्रुपवर माझ्या बहिणीच्या फोटोखाली ज्यांनी चमचमणारी फुलं नि नाचणारे दिवे टाकलेत, त्यांनी ते आधी काढा. ती गेलीय, तिचा वाढदिवस नाही... आता नमस्कार.

मी सांडोरची, केळीच्या वाडीतली. कमळ माझी धाकटी बहीण, आगाशीला दिलेली. लकव्याने तिची वाचा गेली, उजवी बाजू गेली, आणि माझा खुबा मोडल्यापासून मला रिक्षात चढवत नाही. म्हणून रोज दिवेलागणीला व्हिडिओ कॉल.

ती बोलणार काय! मी मोगऱ्याच्या कळ्या ओवत बसायचे आणि ती बघायची. गाठ सैल पडली की डावा हात हलवून माझ्यावर चिडायची. मोठी मी, पण गजऱ्यातली अक्कल तिलाच जास्त, हे तिने शेवटपर्यंत सोडलं नाही.

आमच्या वाडीत मोबाइलला रेंज नाही. घरातलं नेट चालू असेल तरच फोन, नाहीतर नुसता डबा.

आता घराचं ऐका. मला दोन मुलगे, थोरला विनायक आणि धाकटा सुधीर. त्यांचे बाबा गेल्यावर वाटणी झाली, माजघरात भिंत आली, आणि तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. मी सुधीरकडे असते. नेटची लाइन तरी एकच ठेवा म्हटलं, तेवढं मात्र ऐकलं. राउटर विनायकच्या बाजूला, तिथून माळ्यावरून एक वायर सुधीरकडे.

पाडव्याच्या मुहूर्तावर सुधीरने स्वतःचा नवा राउटर आणला. त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि माळ्यावरची वायर त्यात खोचली. कुठल्या भोकात खोचायची ते भिंतीपलीकडे विचारलं असतं, तर नाक कापलं गेलं असतं ना!

त्या दिवसापासून नेट लहरी झालं. आत्ता आहे, आत्ता नाही... सुधीर बटण बंद-चालू करायचा, की थोडा वेळ चालायचं. "त्यानेच मुद्दाम काहीतरी केलंय," असं भिंतीकडे तोंड करून मोठ्याने म्हणायचा. भिंत कशाला उत्तर देतेय!

गेल्या मंगळवारी कमळला धाप लागली. तिच्या सुनेने, निशाने, मला फोन लावला. मी उचलला, कमळचं अर्धं कपाळ दिसलं आणि चित्र थिजलं... मग नुसतं चाक फिरत राहिलं.

सुधीर बटण दाबतोय, मी फोन घेऊन अंगणात, विहिरीपाशी, परत घरात. नेट आलं तेव्हा पलीकडून निशाचं रडणंच ऐकू आलं.

शुक्रवारी सुधीरने टेक्निशियन बोलावला. आली एक मुलगी, पाठीवर लॅपटॉपची बॅग. तिने वायर लॅपटॉपला लावली आणि माझा चहा गाळून होईपर्यंत तिला दोष सापडला.

मला म्हणाली, "आजी, राउटर घरातल्या प्रत्येक फोनला एक नंबर देतो. त्यावरूनच कुणाला काय पोचवायचं ते कळतं. तुमच्याकडे एकाच वायरवर दोन राउटर नंबर वाटतायत. एकच नंबर दोन फोनना गेला की दोघेही अडकतात." तिने नव्या राउटरचं वाटप बंद केलं, त्याचा स्वतःचा नंबर बदलला. झालं. एवढंच होतं.

चहा पिताना तिचं लक्ष भिंतीवरच्या जुन्या फोटोकडे गेलं. "अय्या, हे विनायक सर ना? वालीवला आम्हा नव्या टेक्निशियनना तेच शिकवतात! हा फॉल्ट तर त्यांनी आम्हाला पहिल्याच आठवड्यात मुद्दाम करून दाखवला होता. सरांना नाही का सांगितलंत?"

मी काठी घेतली आणि अंगणातून वळसा घालून विनायककडे गेले. तो जेवायला बसला होता.

"तुला माहीत होतं?"

त्याने हातातला घास ताटात ठेवला. "माहीत होतं. आमचंही अडकायचं. मग इकडच्या फोनना मी हाताने नंबर घालून दिले."

"आणि माझ्या फोनला?"

"त्याने एकदा विचारायचं ना, आई."

परत आले तर सुधीर म्हणतो, "त्याने एकदा सांगायचं ना." एकाच पोटचे, शंकाच नको.

आता नेट झक्कास चालतं. काल दिवेलागणीला सवयीने फोन पितळेच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि ओवायला बसले. गाठ सैल पडली... तशीच राहू दिली.

रात्री निशाचा फोन आला. "मावशी, आई शेवटपर्यंत फोनकडेच बघत होती हो. तुमच्याकडे काय झालं होतं?" मी म्हटलं, सांगू नंतर.

मी सांगणार नाही. विनायक, सुधीर, तिच्या तेराव्याला तुम्ही दोघांनी एका रिक्षातून आगाशीला जायचं आणि निशासमोर बसून उत्तर द्यायचं. सुनांनी सारवासारव करायची नाही. आधी कोण बोलणार, ते वाटेत ठरवा.