घोडीचा टेम्पो आणि रबराचा तुकडा

नसरापूरला वेल्डिंगचं दुकान चालवणारा एक माणूस आहे. तो बोलताना निम्मे शब्द दोनदा म्हणतो आणि कुठलंही लोखंड हातात घेण्याआधी बोटानं वाजवून पाहतो. आमची घोडी टेम्पोत चढताना ओल्या पत्र्याच्या रॅम्पवरून घसरली होती. तेव्हापासून टेम्पो दिसला की ती मागं सरायची, आणि उद्या तर तिला वेल्ह्याला जत्रेत न्यायचं होतं. म्हणून मी टेम्पो त्याच्या दुकानासमोर लावला आणि घोडीला चालवत तिथं नेलं.

त्यानं रॅम्पवर तीन तुकडे शेजारी मांडले: नक्षीचा पत्रा, काथ्याची चटई आणि खडी क्रशरच्या पट्ट्याचं जाड रबर. वर बादलीभर पाणी ओतलं, शेण फासलं. मग चपला काढून सिमेंटचं पोतं खांद्यावर घेतलं.

"दादा, पडाल हो!" मी ओरडले.

"पडू द्या, ताई, पडू द्या. माज्याआधी घोडी नको पडाय."

पत्र्यावर तो सपशेल आपटला आणि हसत उठला. चटई पायाखाली गोळा झाली. रबरावर मात्र तो तरातरा वर गेला.

त्यानं तासाभरात अख्ख्या रॅम्पवर रबर बसवून आडव्या पट्ट्या ठोकल्या. मी घोडीला रॅम्पपाशी आणलं. घोडीनं रबर हुंगलं, एक खूर टेकवला, जरा थांबली आणि टपटप चढली.

"चढली, चढली!" तो टाळ्या पिटत म्हणाला. "आता उतरवा. उतारालाच खरी घसरण."

ती सावकाश उतरली. मी दोर बांधायला वळले, तेवढ्यात ती माझ्या हातून दोर ओढून एकटीच परत वर गेली.