अर्धा राब

आमच्याकडे, जव्हारच्या या बाजूला, माणूस कामाला बाहेरगावी जात नाही, जगायला जातो. दिवाळी झाली की घरोघरी बोचकी बांधली जातात आणि निम्मं गाव भिवंडीकडे, वसईकडे वीटभट्टीवर जगायला जातं. पाऊस तोंडावर आला की परत. लहानपणी मी आईबापाबरोबर अशीच जात होते. पुढे आश्रमशाळेत राहायला मिळालं म्हणून दहावीपर्यंत तरी पोहोचले. नवऱ्याला तेही जमलं नाही. त्याची शाळा भट्टीपायी सातवीतच सुटली.

लग्नानंतर त्याने जीप धरली. जव्हार ते दाभोसा, दाभोसा ते जव्हार, मालकाची गाडी. पावसाळ्यात बरं चालायचं, पण दिवाळीनंतर गावच जगायला गेल्यावर जीपमध्ये बसणार कोण? त्या वर्षी त्याला भट्टीवर विटांच्या गाडीचं काम मिळालं आणि आम्ही तिघंही गेलो. तो, मी आणि पाच वर्षांची मुलगी. आपण काही विटा थापायला चाललो नाही, आपला नवरा ड्रायव्हर आहे, अशी मी मनाची समजूत घातली होती.

होळीला सगळेच घरी येतात, तसे आम्हीही आलो. मुलगी अंगणात खेळत होती. चिखलाच्या इवल्या इवल्या विटा थापून तिने रांग मांडली होती आणि वरून वाळलेली एकेक वीट हलक्या हाताने उलटत होती. एकही मोडत नव्हती. सासू कौतुकाने म्हणाली, "बघ तं, कशी बेस उलटतं पोर!" माझ्या डोक्यात सणक गेली. याच वयात मीही अशाच विटा उलटल्या होत्या आणि माझंही असंच कौतुक झालं होतं. मी उठले आणि पायाने ती सगळी रांग मोडून टाकली. मुलीने भोकाड पसरलं. तिच्यासाठी मला वाईट वाटलं, विटांसाठी अजिबात नाही.

होळी झाली, लोक परत भट्टीवर गेले, आम्ही गेलो नाही. नवऱ्याचा मावसभाऊ नाशिकला एका कारखान्याची कामगारांची बस चालवतो. जूनपासून तिथे आणखी एक ड्रायव्हर लागणार होता, बारा महिन्यांचं काम. मी म्हटलं, "जाऊ या." नवरा म्हणाला, "बघू." हा 'बघू' लग्नाच्या आधीपासून त्याच्या सोबत आहे आणि आमच्या घरात त्याचा मान माझ्याहून मोठा आहे. शेवटी मीच मुलीला घेऊन एसटीत बसले आणि मोखाडा, त्र्यंबक करत नाशिकला पोहोचले.

नवऱ्याच्या मावसभावाने आमच्यासाठी बघून ठेवलेलं घर एकाच खोलीचं होतं, वर पत्रे. घरमालकीण नळाच्या वेळा सांगत होती, मी तिला शाळा कुठे आहे ते विचारलं. मग आम्ही मायलेकी तिथवर चालत गेलो. वाटेत एक मोठा रस्ता ओलांडायचा होता, तेवढी एक धास्ती. पण मुलगी कुठेही 'कडेवर घे' म्हणाली नाही. फाटकाच्या गजांना धरून ती आत खेळणारी पोरं बघत राहिली आणि निघताना मला तिला ओढून आणावं लागलं. माझं तिथेच ठरलं.

गावी परत आल्यावर प्रश्न उरला राबाचा. भाताचं बी जिथे पेरायचं तो तुकडा आम्ही उन्हाळ्यात भाजून ठेवतो. शेण, झाडांच्या फांद्या, पाला, वरून माती पसरायची आणि पेटवून द्यायचं, त्याला राब म्हणतात. राब भाजला की ते घर पावसात शेतावर हजर असणार, हे गावाने न सांगता समजायचं. कारण राब झाला की पेरणी आली, मग रोपं उपटून खाचरात लावायची, म्हणजे आवणी, मग निंदणी, कापणी, आणि बघता बघता परत दिवाळी. यात मुलीची शाळा कुठे बसवायची?

"यंदा राब भाजायचा नाही," मी नवऱ्याला सांगितलं.

"आणि आई-बा काय खातील?"

"तांदूळ आपण पाठवू."

"बघू," तो म्हणाला.

मग संध्याकाळी जेवताना मीच विषय काढला. सासूने हातातली नागलीची भाकर खाली ठेवली. "पावसात कोन जगायला जातं गं? पावसात तं लोकं घरां येतात. तुझं सगळंच उलटं!"

"जगायला नाही आई, राहायला चाललोय आम्ही. आणि यंदा राब नको."

सासरे ताटावरून उठले. हात धुऊन बाहेर जाऊन बसले. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं, माझ्याकडे उत्तरं तयार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोयता घेऊन ते ऐनाच्या झाडांकडे गेले. मग रोजच जायला लागले. फांद्यांचे भारे शेतात पडू लागले. सासू शेणाची पाटी डोक्यावर घेऊन मुद्दाम माझ्या समोरून जायची. एक दिवस नवराही भारा उचलायला गेला, तेव्हा मी त्याच्याशी बोलणं सोडलं. मला कोणी नाही म्हटलं नव्हतं, पण माझ्या म्हणण्याला काडीची किंमत नव्हती, असंच मला वाटत होतं.

एका सकाळी शेताकडून धूर दिसला. मी पदर खोचला आणि तडक निघाले, भांडायचं ठरवूनच.

आग विझत आली होती. सासरे हातात ओली फांदी घेऊन कडेने फिरत होते, ठिणगी पुढे जाऊ नये म्हणून. मी लांबूनच सुरू केलं, "बा, तुम्हाला सांगितलं होतं ना..." आणि तिथेच थांबले. दरवर्षी बांधापासून बांधापर्यंत काळा होणारा तो तुकडा मध्येच संपला होता. मधोमध गवत खरवडून त्यांनी मातीचा पट्टा मोकळा केला होता. त्याच्या पलीकडे मागच्या साली उगवलेलं गवत तसंच वाळून उभं होतं.

"एवढाच?" मी विचारलं.

"दोन मानसांला पुरं. तुझी सासू बोलतं लय, खात नाय तेवढी."

मला हसू यायला हवं होतं, पण रडू आलं. एवढे दिवस मी ज्यांच्याशी मनातल्या मनात भांडत होते, ते आमच्या वाटणीचा राब सोडून उरलेला भाजत होते. आम्हाला अडवायला नाही, जाता यावं म्हणून.

"आवणीला येऊ आम्ही," मी डोळे पुसत म्हटलं. "तुम्हा दोघांना कशी उरकेल?"

"रविवारी या," ते म्हणाले. मग हातातली फांदी एका धुमसत्या काटकीवर आपटली. "तुझ्या नवऱ्याची शाळा माझ्या हातानं मोडली. पोरीची नाय मोडायची. शाळेच्या दिशी तिला घेऊन या बांधावर दिसलीस, तं हितनंच माघारी पाठवीन."

जूनमध्ये आम्ही तिघंही निघालो तेव्हा भट्टीवरून शेवटची माणसं बोचकी घेऊन जीपमधून गावात उतरत होती. आम्ही आमची बोचकी घेऊन त्याच जीपमध्ये चढलो. सासूने नागलीचं पीठ बांधून दिलं आणि तोंड फुगवून ओट्यावर बसून राहिली.

त्या पावसात आम्ही आवणीला गेलो ते फक्त रविवारी.