दोन बोटांवरची रायफल

इलियास गेल्याचं मला शारजाच्या रोल्ला भागातल्या चहावाल्याकडून कळलं. घरच्यांनी फोन केला नाही, का करतील? आम्ही वर्षभर बोलत नव्हतो. चूक त्याची होती, असं मी त्या दिवशीही म्हणालो असतो. आज... ठाऊक नाही.

आम्ही दोघे रत्नागिरीकडच्या एकाच खाडीकाठचे. त्याचे वडील होड्या बांधायचे. तो शारजात, परवाना असलेल्या बंदुकांच्या दुकानात लाकडी दस्ते बसवायचा. मी रिकाम्या हातांनी आलो आणि लाकडाचा धंदा उभा केला, तोही केवळ दिलेला शब्द पाळून. खमीस हे माझं जुनं गिऱ्हाईक. दरवर्षी रीतसर परवाना काढून किर्गिझस्तानच्या डोंगरात शिकारीला जाणारा. गुडघे कुरकुरू लागले तशी त्याला हलकी रायफल हवी झाली. अक्रोडाचं लाकूड मी दिलं आणि इलियासला न विचारताच जबानही दिली, दुर्बिणीशिवाय अडीच किलोच्या आत.

इलियास पाच आठवडे दस्ता तासत होता, आतून पोखरत होता. दर वेळी रायफल दोन बोटांवर आडवी तोलायचा आणि नाही म्हणून मान हलवायचा. मी खिशातला ताणकाटा काढला की हसायचा. "युनूसभाई, ही काय सुरमई आहे?"

द्यायच्या दिवशी, खमीस यायच्या आधी, मी रायफल काट्याला लावली. दोनशे ग्रॅम जास्त! दस्त्याच्या मागच्या पोकळीत त्याने शिसं भरलं होतं.

"काढ ते. यल्ला, लवकर!"

"दस्ता पोखरून ती पुढून जड झालीय, शिशाशिवाय नेम हलतो. दम लागलेला माणूस धरणार कशी?"

"मी जबान दिलीय!"

"डोंगरावर जबान नाय लागत, खांदा लागतो."

"तुला माझं नाक कापायचंय. खलास!" असं ओरडून मी निघून आलो. त्यानंतर खमीसलाही तोंड दाखवलं नाही.

मयताच्या तिसऱ्या दिवशी इलियासच्या घरी खमीस भेटला. त्याने मला मिठी मारली. "हबीबी, इलियासने मला रायफल देतानाच सांगितलं होतं. ठरल्यापेक्षा वजन जास्त आहे, कारण युनूस म्हणाला, माझा शब्द गेला तरी चालेल, खमीसचा नेम हलता कामा नये."

मी असं कधीच म्हणालो नव्हतो. तरी मी हो म्हणून मान डोलावली.

त्याने माझी अब्रू राखली, की मला चपराक दिली? राखली, तर मला एक फोन का केला नाही? राग अजून येतो, पण कोणाचा, ते कळत नाही. फोन मीही केला नव्हता...

निघताना भाभींनी त्या दस्त्यातून उरलेला अक्रोडाचा तुकडा हातात ठेवला. "तुमचंच लाकूड," एवढंच म्हणाल्या. हमरिया बंदराजवळच्या ऑफिसात तो माझ्या टेबलावर असतो. समोर कोणी घासाघीस करत बसलं की मी तो दोन बोटांवर आडवा धरतो. दर वेळी एक टोक खाली जातं, आणि माझीच मान नाही म्हणून हलते.