ठोकळ्यांवरची बोट

गोदीत सगळे त्याला ‘नाकमुरडे’ म्हणत. बोटी दुरुस्त करण्याच्या त्या गोदीत तो बत्तीस वर्षं फिटर होता, आणि एवढ्या काळात त्याला एकही गोष्ट पसंत पडली नाही. चहा पाणचट, ग्रीस शेंबडासारखं, नवे स्क्रू म्हणजे निव्वळ फसवणूक.

निवृत्त झाल्यावर त्याने मागच्या खोलीत पत्र्याची दोन हात लांब बोट बांधायला घेतली. मोटरवर चालणारी, एका जुन्या प्रवासी बोटीची हुबेहूब प्रतिकृती. बायको तिच्याकडे बघतसुद्धा नसे. त्याच मूळ बोटीपायी तिचा धाकटा भाऊ अकरा वर्षं या घरात आला नव्हता. तो गोदीत नाकमुरड्याच्या हाताखाली होता. दुरुस्तीनंतरच्या पहिल्याच फेरीत बोटीचं बेअरिंग जळलं, आणि नाकमुरड्याने अहवालात लिहून दिलं, ‘सहायकाने बोल्ट ढिले सोडले.’ मेहुण्याची नोकरी गेली.

आता या छोट्या बोटीने छळ मांडला होता. टेबलावर दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवली की बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा बोटाच्या टोकानेही फिरे. न्हाणीघरातल्या टबात सोडली की मोटर कण्हायची, तापायची आणि जळक्या रबराचा वास यायचा.

त्याने मोटर बदलली. बेअरिंग बदललं. सांध्यांवरचा डाख काढून पुन्हा लावला. टबाच्या कडेला साबणाचा पांढरा चिकट थर, त्यात तरंगणारा एक केस, हाताला काळं ग्रीस. त्याने नाक मुरडलं.

“शी! हल्ली माणसं मोटरी बनवतात की खेळणी?”

“अहो, मोटरीला काय शिव्या देता?” बायको दारातून म्हणाली. “टेबलावर चालते, पाण्यात अडते. मग पाण्यातच बघा ना.”

“तुला काय कळतंय त्यातलं?” तो खेकसला. पण ती गेल्यावर त्याने बोट तरंगती ठेवूनच मोटर आणि दांडा जोडणाऱ्या दोन चकत्यांचे स्क्रू काढले.

चकत्या एकमेकींसमोर नव्हत्याच. वरच्या बाजूला नखाएवढी फट पडली होती.

ठोकळ्यांवर पत्र्याचं पोट खाली लोंबत होतं, आणि पाणी त्याला खालून उचलत होतं. टेबलावर जुळवलेलं पाण्यात बिघडत होतं. गोदीतल्या त्या मोठ्या बोटीचं इंजिन आणि दांडाही त्याने ठोकळ्यांवरच जुळवले होते. तेव्हा मेहुणा म्हणाला होता, “दाजी, पाण्यात उतरवली की एकदा परत बघू या.” आणि तो म्हणाला होता, “मला शिकवू नकोस.” ढिले बोल्ट त्याने डोळ्यांनी कधी पाहिलेच नव्हते. नुसते लिहिले होते.

तो ओल्या फरशीवरच बसला. टबातल्या त्या केसापेक्षाही त्याला स्वतःची जास्त किळस आली.

त्याने मोटरीखाली पत्र्याचा पातळ तुकडा सारला, चकत्यांमधली फट सगळीकडे सारखी आहे ना हे कागदाची पट्टी फिरवून पाहिलं, तरंगत्या बोटीतच स्क्रू आवळले आणि कळ दाबली. बोट सुळकन निघाली आणि टबाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आदळली. त्याला जराही आनंद झाला नाही. हात पुसून तो बाहेर आला आणि बायकोसमोरच त्याने फोन लावला.

“कोण?”

“मी. दाजी.”

पलीकडून फोन ठेवला जायच्या आत तो घाईने बोलला.

“ते बेअरिंग... तुझे बोल्ट ढिले नव्हते. जुळणी माझी चुकली होती. तू म्हणालास तसं पाण्यात बघायला हवं होतं. मी अहवालात खोटं लिहिलं.”

बायकोच्या हातातली ताटली तशीच राहिली.

“अकरा वर्षं लागली तुम्हाला पाण्यात बघायला?” मेहुणा म्हणाला.

“हो.”

“आणि मी तोंड कुठे कुठे लपवलं, ते कुठे बघणार?”



“ताईला फोन द्या,” मेहुणा म्हणाला.

त्याने फोन दिला. बायकोने तो दोन्ही हातांनी धरला, नवऱ्याकडे पाठ केली आणि पहिलं वाक्य बोलायच्या आधीच रडायला लागली. नाकमुरडे न्हाणीघरात परत गेला आणि टबाच्या कडेचा तो चिकट थर नखाने खरवडत बसला.