फ्रीशिपवाल्या, उठा

“ताई, शी झाली.”

मागून पोराचा आवाज आला. मॅडमनी फळ्यावरून मानसुद्धा वळवली नाही. “फ्रीशिपवाल्या, उठा गं कुणीतरी.”

आम्ही तिघी होतो. एकमेकींकडं पाहिलं. मी उठले.

सांगलीतलं कॉलेज. बालशिक्षणाचा कोर्स, विनाअनुदानित. कॉलेजचीच बालवाडी होती, तिथं आमची प्रात्यक्षिकं चालायची. ज्यांच्या वडिलांनी प्रवेशालाच फी भरली, त्या मुली गाणी घ्यायच्या, गोष्टी सांगायच्या. आमची फी सरकार भरणार होतं, आणि ती कधी येणार हे सरकारलाही माहीत नव्हतं. तोवर आमच्या वाट्याला मोरी, ओल्या चड्ड्या, सांडलेला खाऊ. मॅडमनी कधी जात विचारली नाही. त्या फक्त फी विचारायच्या. उठायचो मात्र बौद्ध वस्तीतून आलेल्या आम्ही तिघीच.

त्याच संस्थेत माझा मावसभाऊ इंजिनिअरिंगला होता. तोही फ्रीशिपवरच. त्याला कुणी वर्कशॉप झाडायला लावलं नाही.

माझी आई तासगावजवळ आमच्या गावातल्या अंगणवाडीत मदतनीस. तिला सांगितलं तर म्हणाली, “लेकराची शी धुवायला कसली लाज गं? मी काय करती मग?”

लाज धुण्याची नव्हतीच. आई उभा जन्म धुतेय, पण तिला कुणी कधी गोष्ट सांगू दिली नाही. खुर्चीवर सेविका बसते, आई दारात. मला त्या खुर्चीवर बसायचं होतं. एवढंच तर मागणं होतं.

गोष्टीचा पाठ दिल्याशिवाय वर्ष पास होत नाही. सगळ्यांचे पाठ झाले, आमचे राहिले. “फी जमा झाली की घेऊ,” मॅडम म्हणायच्या. आईच्या जुन्या निळ्या लुगड्याची मी एक कापडी म्हैस शिवली होती. ती पिशवीतच चुरगळत पडली.

पाठांचा शेवटचा दिवस आला. पुन्हा तेच. “ताई, शी झाली.” “उठा गं.”

मी उठले. पोराचा काय दोष? त्याला धुतलं, पुसलं, चड्डी घातली. कडेवर घेऊन आत आले आणि सरळ खुर्चीवर बसले. त्याला मांडीवर घेतलं, म्हैस बाहेर काढली. “एक होती निळी म्हैस.” पोरं खिदळली.

“ऊठ तिथून. तुझी फी आलेली नाही.”

“मॅडम, शी धुवायला फी लागत न्हवती. गोष्टीलाच कशी लागती?”

मॅडम पोरांना रांगेनं मैदानात घेऊन गेल्या. माझ्या मांडीवरचंही ओढून नेलं. माझ्या दोघी मैत्रिणी खाली मान घालून चटया गुंडाळायला लागल्या. मी रिकाम्या खोलीला शेवटपर्यंत गोष्ट सांगितली. रडले. रागानं रडले.

पाठाचे गुण मिळाले नाहीत. निकाल अडकला. सरकारचे पैसे आजही आलेले नाहीत. त्या दोघींनी कोर्स सोडला, एक आता बेदाण्याच्या शेडवर जाते. मी बालवाड्यांमधून नोकरी मागत हिंडले. प्रमाणपत्र नाही म्हणून सगळीकडून परत. आई म्हणते, “सोड आता. आपल्याच्यानं न्हाई व्हायचं.” तिचंच खरं ठरेल कदाचित. काही बदलेल असं मलाही वाटत नाही.

तरी दर सोमवारी, गोष्टीच्या तासाला, मी एसटीनं सांगलीला जाते. म्हैस घेऊन बालवाडीच्या दारात उभी राहते.

“आली का फी?” मॅडम विचारतात.

“न्हाई. माझा पाठ घ्या.”

घेत नाहीत. गेल्या सोमवारी मी तशीच उभी होते. आतून एक पोर ओरडलं, “ताई, शी झाली.” मॅडमनी नुसती मान हलवली. यंदाची एक नवी मुलगी पदर खोचून उठायला लागली. तिची फी आली नसणार, हे मला तिच्या उठण्यावरूनच कळलं.

“बस गं खाली,” मी दारातूनच म्हणाले. “मॅडम, आज तुमी उठा.”

त्या उठल्या नाहीत. शिपायानं मला बाहेर काढलं. येत्या सोमवारी मी पुन्हा जाणार आहे. त्या उठेपर्यंत जाणार आहे.