अण्णांनी कापलेली अक्षरं

आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, तो खेळ घरीच बनवला होता. ते निलंग्याला शाळेत मराठी शिकवायचे. सुताराकडून प्लायवूडच्या उरलेल्या पट्ट्या आणून त्यांनी चौकोनी सोंगट्या कापल्या आणि प्रत्येकीवर ऑइलपेंटनं एकेक अक्षर काढलं. पट म्हणजे चौकटी आखलेला रेक्झिनचा तुकडा. तो गुंडाळून पिशवीत टाकला की खेळ कुठंही जायचा. शेतात, लग्नाच्या मांडवात, एस.टी.त मांडीवर आम्ही खेळलोय. सोंगट्यांवर काना-मात्रा नव्हत्या, त्या ज्यानं त्यानं लावून घ्यायच्या. क आणि र हाती आले की कर, केर, कोरा, काहीही करा. वाद झाला तर कपाटातला जाडजूड शब्दकोश निघायचा आणि तो म्हणेल ते खरं.

अक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, हे शब्दकोशाचं पटायचं नाही. लग्न होऊन ती किल्लारीच्या बाजूला एका खेड्यात गेली होती. त्या वर्षी गौरी-गणपतीला आली, तेव्हा तिनं उ, ल आणि स मांडून 'उलसं' केलं. उलसं म्हणजे थोडंसं.

अण्णा म्हणाले, "कोशात दाखव."

"कोशात कशाला? माझ्या सासूबाई दिवसातून दहा वेळा म्हणत्यात."

"सासूबाईंनी कोश नाही लिहिला."

अक्का हसली आणि सोंगट्या उचलल्या. ती हरली तरी अशीच हसायची, आणि आम्ही तिला सारखं हरवायचो.

मी तेव्हा दहावीत होते. पुढं लातूरला जायचं हे घरात ठरून गेलं होतं. आमच्या भागातली बरी मार्क पडणारी सगळी पोरं लातूरलाच जायची. माझी चाचणी तोंडावर आलेली, आणि घरात दिवसभर पट मांडलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का माझ्याजवळ येऊन बसली.

"आणखी चार दिवस राहू का गं? विसर्जन करूनच जाते."

मी पुस्तकातून मान वर केली नाही. "राहा की. पण तू असलीस की खेळच चालतो. माझा अभ्यासच होईना."

ती उठली. मग म्हणाली, "बरं. तू कर अभ्यास." दुपारच्या गाडीनं ती गेली. मी स्टँडवर पोचवायलासुद्धा गेले नाही.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे भूकंप झाला. निलंग्यात आम्ही हादरून बाहेर पळालो, भिंतींना तडे गेले, पण घर उभं राहिलं. उजाडल्यावर अण्णा मिळेल त्या जीपनं तिकडं निघाले. तिसऱ्या दिवशी परत आले तेव्हा त्यांचे केस, भुवया, सगळं मातीनं भरलेलं होतं. अक्काचं घर माळवदाचं होतं, दगड-मातीचं. दाजी शेतावर झोपले होते म्हणून वाचले. अक्का आणि तिच्या सासूबाई एकाच खोलीत सापडल्या. अण्णांनी एवढंच सांगितलं आणि न्हाणीत जाऊन पाणी सोडून बसले.

मी कुणाला काही बोलले नाही. चाचणी रद्द झाली होती.

पुढच्या वर्षी मी लातूरला होस्टेलवर गेले. पहाटे पाचची फिजिक्सची बॅच, मग कॉलेज, मग पुन्हा क्लास. अण्णा दर रविवारी पिशवी घेऊन अक्काच्या सासरच्या लोकांकडं जायचे. ते लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. तिथल्या पोरांना अण्णा खेळ शिकवायचे. कोश घरीच ठेवून जायचे. पोरं बोलतील तो शब्द धरायचे, हे मला आईच्या पत्रातून कळलं.

एकदा ते न कळवता होस्टेलवर आले. व्हरांड्यात पट पसरला आणि म्हणाले, "ये, एक डाव खेळू."

"क्लास आहे, अण्णा. टेस्ट आहे आज."

खरं तर टेस्ट नव्हती. तो पट मला बघवत नव्हता. माझी रूममेट इस्लापूरची होती, ती म्हणाली, "काका, मी खेळते." मी सायकल काढली. परत आले तेव्हा अण्णा गेले होते. रूममेट म्हणाली, "तुझे वडील मुद्दाम हरत होते गं." त्यानंतर त्यांनी मला कधी खेळायला बोलावलं नाही.

मी फार्मसी केली, नांदेडला नोकरीला लागले, तिथंच संसार झाला. अण्णा गेल्यावर आई माझ्याकडं राहायला आली. एका दुपारी आम्ही दोघी तुरीच्या शेंगा सोलत होतो, आणि वीस वर्षांनी मी तिला सांगितलं की अक्काला त्या दिवशी मी घालवलं.

आई सोलत राहिली. मग म्हणाली, "तू न्हाई. आदल्या दिवशी तिनं मलाबी इचारलं हुतं. मी म्हणलं, सासू एकटी हाय, गौरी झाल्या, आता जावं."

मी पुढची शेंग उचलली.

"आन् अण्णा तर मरेपर्यंत एकच म्हणायचे. गाडीला लई गर्दी हुती. ह्यांनी खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरली. जागा न्हाई मिळाली असती तर माघारी आली असती पोर."

"मला कधी बोलले नाहीत."

"तू तरी कुठं बोललीस?"

सांगितल्यावर हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. उलट अण्णांना व्हरांड्यात बसवून मी सायकल काढली, तेच डोळ्यांसमोर येत राहिलं. मात्र त्या दुपारपासून आई आणि मी अक्काबद्दल बोलायला लागलो. तिला पालीची भीती होती, ती भाकरीचा पापुद्रा काढून आधी खायची, मी तान्ही असताना मला कडेवर घेऊन शाळेत गेली होती. यातलं बरंचसं मला माहीतच नव्हतं.