गंगीची सुट्टी

सकाळी अंगण झाडायच्या आधी आक्का गोठ्यात जायच्या आणि भिंतीवरच्या बॅटरीच्या पाठीवरून हात फिरवायच्या. म्हशीच्या अंगात कसर आहे का ते बघतात ना, तसा तळहात सपाट ठेवून. मग स्वतःशीच म्हणायच्या, "गार हाय. बरं हाय." आणि त्यानंतर झाडू हातात घ्यायच्या. समोरच्या ओट्यावरून मी हे रोज बघायचे. बघायचं नाही असं ठरवून बघायचे.

आक्का म्हणजे सोजरबाई, माझी थोरली जाऊ. घोडेगावच्या अलीकडे आमची वस्ती आहे. वाटणी झाली तेव्हा दोघा भावांनी एकाच अंगणाच्या दोन बाजूंना समोरासमोर घरं बांधली. त्यामुळे त्यांच्या घरात काय शिजतंय ते मला वासावरून कळायचं, आणि माझ्या मनात काय शिजतंय ते त्यांना माझ्या तोंडावरून. थोरले दीर लवकर गेले. मुलगा संदीप सुप्याला कारखान्यात लागला आणि तिकडचाच झाला. आक्का दोन म्हशी सांभाळून एकट्या राहायच्या. आणि आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, माझ्याकडे.

हे शेवटचं वाक्य लिहिताना अजूनही माझी मान आपोआप ताठ होते. चार बायका जमल्या की सासू कुणाच्या गळ्यात पडली यावर बोलतात. माझं सगळं उलटं. आक्कांची भाकरी माझ्यापेक्षा पातळ, त्यांच्या म्हशींचं दूध माझ्या म्हशीपेक्षा दाट, त्यांच्या दारातला मोगरासुद्धा माझ्याआधी फुलायचा. पण आत्याबाई माझ्याकडे. हा माझा एकुलता एक दागिना. संध्याकाळी लाईट गेली की मी देव्हाऱ्यातली समई ओट्यावर आणून ठेवायचे. आत्याबाईंना दिसतं कमी, पण लसूण त्या बोटांनीच सोलतात. सोलता सोलता जुन्या गोष्टी सांगायच्या आणि मध्येच म्हणायच्या, "धाकटीच्या हातचा चा पिल्याबिगर मला झोप न्हाई." हे त्यांनी जरा मोठ्याने म्हणावं, अंगणापलीकडे जाईल असं, एवढंच माझं मागणं होतं. पण ज्याला चांगलं ऐकू येतं त्याचा आवाज हळू असतो. आत्याबाईंना मुंगी चाललेली ऐकू येते.

एका उन्हाळ्यात त्यांचा दमा वाढला. डॉक्टरांनी वाफेचं मशीन दिलं. एका संध्याकाळी लाईट गेली आणि नेमकी तेव्हाच त्यांना धाप लागली. मशीन कोपऱ्यात मुकं पडलेलं. शेजाऱ्यांची गाडी काढून आम्ही त्यांना घोडेगावच्या दवाखान्यात नेलं. त्यांची पाठ पूर्ण रस्ताभर आक्कांनी धरून ठेवली होती. येताना आत्याबाई झोपल्या. आक्का खिडकीबाहेर बघत राहिल्या.

पुढच्या बाजाराला त्यांनी दोन्ही म्हशी नेल्या. घोडेगावच्या बाजारात लोक लांबलांबून जनावर घ्यायला येतात. आक्कांच्या म्हशी काय, उभ्या केल्या की खपल्या. रिकामी दावी खांद्यावर टाकून त्या परत आल्या तेव्हा मला वाटलं, ही बाई आता सुप्याला जाणार. खोटं कशाला सांगू, मला बरंच वाटलं. पण त्यांनी संदीपला फोन लावला आणि म्हणाल्या, तू मागं सांगत हुतास ती लिथियमची पेटी घेऊन ये.

माणसं आली, त्यांनी स्लॅबवर सोलरच्या पाट्या बसवल्या. बॅटरीला सावलीची, कोरडी, हवा खेळती जागा पाहिजे म्हणाले. रिकामा गोठा त्यांना पसंत पडला. बसवणारा पोरगा समजावून सांगत होता, की हिला पाणी घालावं लागत नाही, फार तापू द्यायची नाही, आणि पार शून्यापर्यंत वापरायची नाही, थोडी शिल्लक ठेवायची. आक्का पदराने घाम पुसत ऐकत होत्या.

"म्हंजी म्हशीवानीच की," त्या म्हणाल्या. "उन्हात बांधायची न्हाई आन् कास पार पिळून काढायची न्हाई. रेडकाला ठिवायचं."

पोरगा हसत म्हणाला, तसंच समजा मावशी. विकलेल्या दोघींपैकी जी जास्त गुणाची होती तिचं नाव गंगी. ते त्या दिवसापासून पेटीचं झालं.

मग आक्का माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "धाकटे, आत्याबाईला माझ्याकडं झोपू दी. मशीन लागलं तर गंगी हाय."

त्या संध्याकाळची धाप मीही ऐकली होती. "न्या की. मला काय," असं म्हणून मी भांडी घासायला गेले, आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

त्यानंतरच्या संध्याकाळी काय सांगू. सगळी वस्ती अंधारात आणि समोर एकच घर लखलखीत. आमच्याकडे बिबट्याची धास्ती, त्यामुळे उजेड दिसला की बायका आपोआप तिकडे सरकायच्या. कुणी मोबाईल चार्जिंगला आणायची, कुणी निवडायची मेथी. आमचे हे "आईला बघून येतो" म्हणून जायचे ते मालिका संपल्यावर यायचे. आईची तब्येत रोज नेमकी मालिकेच्या वेळेलाच बघावी लागते हे मला नव्यानंच कळलं. शेवटी माझं मांजरही तिकडे पंख्याखाली झोपायला लागलं. आक्का दारातून हाक मारायच्या, ये गं बसायला. मला काम आहे, असं मी अंधारातून सांगायचे. अंधारात कसलं काम, हे त्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

माझं माहेर बेलापूरचं. तिथल्या भावाला गळ घालून मी एक इन्व्हर्टर आणि जुन्या पद्धतीची ॲसिडची बॅटरी मिळवली. वापरलेली होती, पण मला फक्त आत्याबाई परत आणण्यापुरती हवी होती. अधूनमधून शुद्ध पाणी घालत जा, असं भावाने बजावलं होतं. आम्ही प्यायला विकतचा जार आणतो. वस्तीवर त्याहून शुद्ध काही नाही. पाहुण्यांनाही आम्ही तेच देतो. मी बॅटरीला तेच पाजलं, आणि प्रेमाने, जरा जास्तच पाजलं. उन्हाळा संपायच्या आत ती पंख्याचं एक पातंही हलवेना. भाऊ आला, त्याने झाकणं उघडली आणि कपाळाला हात लावला.

"तायडे, हे माणसांचं पाणी," तो म्हणाला. "बॅटरीचं निराळं मिळतं दुकानात."

आक्का बघायला आल्या. टोमणा मारतील म्हणून मी पदर खोचून तयार होते. पण त्यांनी त्या मेलेल्या पेटीवर हात ठेवला आणि आजारी जनावराजवळ बोलतात तशा हळू आवाजात म्हणाल्या, "ऱ्हाऊ दी. म्हातारं जनावर हुतं, तुझा काय दोष." असल्या माणसाचा हेवा करणं फार कष्टाचं काम असतं. पण मी नेटाने करत राहिले.

खंडेनवमीला आमच्याकडे नांगर, विळे, मोटारपंप, सगळ्यांची पूजा होते आणि पूजेनंतर त्या दिवशी त्यांना हात लावायचा नसतो. आक्कांनी गंगीलाही हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि जाहीर केलं, की आज हिलाबी सुट्टी. संध्याकाळी लाईट गेली. समोरचं घर पहिल्यांदाच काळंकुट्ट झालं. मी ओट्यावर समई लावली तर अंगणातून आत्याबाईंचा हात धरून आक्का येताना दिसल्या.

"गंगी सुट्टीवर," त्या म्हणाल्या. "म्हटलं तुज्याकडं बसावं."

त्या दिवशी मी चहात दूध हात सैल सोडून घातलं. आत्याबाईंनी लसूण सोलला, गोष्ट सांगितली, माझ्या चहाचं ते वाक्यही म्हटलं, आणि आक्का हातभर अंतरावर बसून ते ऐकत होत्या. माझा दसरा एक दिवस आधीच झाला.

पुढे अवसेलाही सुट्टी निघाली. अवसेला बैल जुंपत नाहीत, मग गंगीला का जुंपायची, असा आक्कांचा हिशोब. पुढे पुढे तर नुसतंच, "आज जरा दमलीय," असं म्हणून त्या आत्याबाईंना घेऊन यायच्या. आत्याबाईंना मशीन लागलं तर काय, असं मी एकदा विचारलं. "तेवढ्यापुरती उठंल की ती," त्या म्हणाल्या. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी खुशीत होते. गंगीला मनातल्या मनात मी भाकड ठरवून टाकलं होतं. दोन दुभत्या म्हशी देऊन एक भाकड आणली, असं मी समईच्या उजेडात बोलूनही दाखवायचे. आक्का मान हलवायच्या. "आसंल बाई," म्हणायच्या.

मग संदीपला मुलगा झाला. त्याची बायकोही नोकरीवाली, बाळाला बघायला आक्कांना सुप्याला जाणं भाग होतं. आत्याबाईंनी साफ सांगितलं, की मी त्या फ्लॅटच्या डब्यात यायची न्हाई. जायच्या आधी आक्कांनी माणूस बोलावून गोठ्यातून माझ्या घरापर्यंत वायर ओढून घेतली. गाडी दारात उभी होती तेव्हा माझा हात धरून म्हणाल्या, "गंगी तुज्या दावणीला बांधून चालले. आन् आत्याबाईबी."

इतकी वर्षं जे जे हवं होतं ते सगळं त्या एका सकाळी माझ्या घरात आलं. संध्याकाळी लाईट गेली तर वस्तीत माझंच घर लखलखीत. बायका मेथी घेऊन माझ्या ओट्यावर आल्या. ह्यांची मालिका माझ्याच घरात लागली. मांजर परत आलं. मी सकाळी गोठ्यात जाऊन गंगीच्या पाठीवरून हातही फिरवायला लागले. गार असायची. सगळं बरं होतं. फक्त आत्याबाई लसूण सोलायच्या, पण गोष्ट सांगायच्या नाहीत.

एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "आज आवस न्हाई का? गंगीला सुट्टी न्हाई द्यायची?"

मी तोऱ्यात सांगितलं, की माझ्याकडे आल्यापासून ती एकदाही दमली नाही. हात कुणाचा फिरतो त्यावर असतं.

आत्याबाईंनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली. "तिकडंबी कदी दमली न्हवती ती. सोजरा गोठ्यात जायची, खटका खाली पाडायची. खट्ट वाजल्यालं मला हातरुणात ऐकू यायचं. मग येऊन म्हनायची, चला आत्याबाई, गंगी दमली."

मी म्हटलं, पण कशापायी?

"तू काय तिच्या उजेडाला येईनास," त्या म्हणाल्या. "मग तीच यायची तुज्या अंधाराला."

असं ऐकल्यावर चांगल्या माणसाचे डोळे भरून येतात. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हणजे माझ्या समईच्या त्या संध्याकाळीही त्यांच्याच! माझा दागिना, माझा दसरा, चहाचं ते वाक्य, सगळं त्यांनी खटका पाडून मला दिलेलं. भाकरीत त्या पुढे, दुधात पुढे, आणि आता मनाच्या मोठेपणातही या बाईने मला मागे टाकलं. हे मी कसं सहन करायचं? उठले आणि सुप्याला फोन लावला.

आक्कांनी आधी आत्याबाईंचं विचारलं, मग मांजराचं. मी त्यांचं विचारलं. बाळ बरं आहे म्हणाल्या. सून गुणाची आहे म्हणाल्या. मग म्हणाल्या, "हितं लाईट जातच न्हाई गं." ही तक्रार आहे हे ओळखायला मला वेळ लागला नाही. अंगणाच्या दोन बाजूंना आमचं आयुष्य गेलं होतं.

"आक्का," मी म्हटलं, "गंगीनं पान्हा चोरलाय. माज्या हाताला दाद देईना. तुमी आल्याबिगर काय खरं न्हाई."

माझ्या डोक्यावर ट्यूब झगझगत होती. पंखा फिरत होता. आणि नेमक्या त्याच वेळी ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मालिकेतली सासू सुनेवर ओरडत होती ती सुप्यापर्यंत नक्की ऐकू गेली असणार.

आक्कांनी ते भांडण पुरतं ऐकून घेतलं.

"व्हय?" आक्का म्हणाल्या. "मंग यावंच लागंल."

दुसऱ्या दिवशी नगरहून एसटी बदलून त्या आल्या. पिशवी माझ्या हातात दिली आणि चप्पलसुद्धा न काढता गोठ्यात गेल्या. मी मागोमाग. गंगीचा हिरवा दिवा ठणठणीत लागलेला. त्यांनी तिच्या पाठीवर तळहात ठेवला, डोळे मिटले, आणि म्हणाल्या, "लई दमलीय. दोन-चार दिस ऱ्हावं लागंल."

लाईट गेल्यावर अंगणापलीकडच्या गोठ्यातून खट्ट असा आवाज मलाही ऐकू आला. मी समई ओट्यावर आणली. आत्याबाई चाचपडत आल्या आणि माझ्या शेजारची त्यांची नेहमीची जागा सोडून आक्कांना खेटून बसल्या. लसणाला हात न लावताच गोष्ट सुरू झाली. मध्येच थांबून म्हणाल्या, "सोजरे, तुज्या हातचा चा लई दिसात न्हाई पिला."

आक्का स्वयंपाकघरात शिरल्या. माझ्या. माझ्या डब्यातली साखर त्यांना न विचारता सापडली. मी समईची वात जरा पुढे सारली. पोटात जुनं, ओळखीचं दुखायला लागलं होतं, आणि इतक्या दिवसांनी मला बरं वाटलं.

तेव्हापासून गंगीची तब्येत नाजूकच आहे. महिना-दोन महिन्यांनी सुप्याला फोन लावावाच लागतो.